दोन सुरांवरची कमान

— नाही, नाही, थांबा. थांबा हो डॉक्टर! हात पाडायचा म्हणजे आपटायचा नव्हे. एप्रिलपासून हेच सांगतेय मी. पियानो आहे तो, अडलेली गाय नाही. तिथे जोर लावावा लागत असेल, मला ठाऊक नाही, मी काही कधी गाय सोडवली नाही — पण इथे जोर लावला की सूर किंचाळतो, आणि खालची गिनका छताला झाडूचा दांडा मारते. ऐकलंत? मारलाच. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण वाईट कमान तिला बरोबर कळते.

पुन्हा बघा. ही बघा, दोन सुरांवर काढलेली कमान. छापणाऱ्यानं ती शोभेला काढलेली नाही. पहिला सूर — अख्खा हात, खांद्यापासून सैल, आपल्याच वजनानं खाली. मनगट जरासं बुडतं. बुडू दे, घाबरू नका, मोडत नाही. आणि दुसरा सूर? दुसऱ्या सुरासाठी वेगळं काही करायचंच नसतं. मनगट वर यायला लागतं, येता येता बोट पट्टीला लागतं, आणि लागलं की सुटतं. हलकं. बोट शेवटी सुटतं बरं का, मनगट आधी निघतं — टोपी काढताना कसं, आधी कोपर उचलतं, मग टोपी निघते. दोन सूर, हालचाल एक. तुम्ही दोन करता. तुम्ही पहिल्या सुरावर पडता, मग तिथं जरा विचार करता, मग दुसऱ्या सुराला टोचता. टोचता अगदी, सुई मारल्यासारखं. जन्मभर बैलांना टोचलंत म्हणून काय झालं, इथे बैल कुठाय? — हसू नका, खांदा उडतो हसताना.

डावा हात एकटा वाजवा. करंगळीवर पडा, मधल्या बोटावरून निघा. पडा — निघा. पडा — कोपर का चिकटवलंय बरगडीला? कुणी चोरून नेत नाही. सैल सोडा. हं. हं. आता ही पुढची, चार सुरांची. चार सूर आहेत म्हणून चारदा मनगट हलवायचं नाही, रस्त्यातल्या खड्ड्यांवरून गाडी गेल्यासारखं. एकदा पडायचं, हात आपला बोटांच्या मागोमाग सरकत न्यायचा, आणि शेवटच्या सुरावरून निघायचं. बोलताना नाही का, एका श्वासात जेवढं मावतं तेवढं बोलायचं नि थांबायचं? मला तसं बोलता येत नाही, ते सोडा. वाजवताना येतं.

कॉफी नाही आज. नाही म्हणजे नाही. कॉफी करायला मी स्वयंपाकघरात जाते आणि — जाऊ दे. आज नाही.

तर मी काय म्हणत होते, मोठी माणसं मी कधी शिकवलीच नाहीत. मुलं शिकवली, संगीतशाळेत, निवृत्त होईपर्यंत. मुलांची मनगटं कशी, ओल्या फडक्यासारखी. आणि एप्रिलमध्ये तुम्ही दारात उभे, टोपी हातात, बोटं अशी एकेक गाजराएवढी, आणि म्हणता काय, ‘बाई, मला पियानो शिकायचा नाही. मला फक्त एका गाण्याची खालची बाजू शिकायची आहे.’ मी म्हटलं, चक्रम दिसतोय. मग तुम्ही ते पुस्तक काढलंत, होडीचं गाणं, चार हातांचं, एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायचं. वरची बाजू नातीची, खालची आजोबांची. नात राडा, सात वर्षांची, स्टुटगार्टला. मुलीनं दोन वर्षांपासून खोली तयार ठेवलीय, आई गेल्यापासून म्हणतेय, बाबा, एकटे राहू नका तिकडे, इकडे या. आणि हा मनुष्य मुलीला काय सांगतो — राडाबरोबर होडी वाजवता आली की त्याच आठवड्यात निघतो. मी मनात म्हटलं, दोन महिन्यांचं काम. खालच्या बाजूला आहे काय? होडी डुलते. पडा, निघा, पडा, निघा. बस्स.

वाजवत राहा ना. मी बोलतेय म्हणून थांबायचं कारण नाही.

कोबी आंबत घातलीय त्या पिंपाचं खारं पाणी मात्र आज फिरवून द्या जाताना. खालच्या नळानं काढायचं, वरून ओतायचं — गेल्या खेपेला तुम्ही अर्धवटच केलंत, वरची कोबी कोरडी पडली होती. मला ती बादली उचलत नाही आता. गिनका म्हणते, पेन्का, एकटीला एवढं मोठं पिंप कशाला घातलंस यंदा? दरवर्षी तर बरणीत भागतं तुझं. मी म्हटलं, कोबी स्वस्त होती. तर म्हणते, कोबी दरवर्षीच स्वस्त असते. फार नाक खुपसते ती बाई. आता घातलंय तर घातलंय! हिवाळाभर कोण खाणार ते माझं मी बघेन.

हात गार पडले का? रेडिएटर चालू आहे. या नदीच्या धुक्याला काही करता येत नाही, फटीतून येतंच.

रविवारी फोन आला होता. — तुमच्या मुलीचा. वेसेलाचा. मला, हो, मला, तुम्हाला नव्हे. नंबर तुम्हीच दिला होतात ना तिला, अडीअडचणीला म्हणून? मी म्हटलं अडचण काय आली. तर ती म्हणाली, अडचण काही नाही, फक्त विचारायचं होतं, बाबांना इतका वेळ का लागतोय? ते फोनवर नीट सांगत नाहीत, विषय बदलतात. गोड बोलते हो मुलगी. मग मी सांगितलं, मनगट कडक आहे. जन्मभराचं काम आहे अंगात मुरलेलं, ते काय असं एकाएकी सुटतं? वसंतापर्यंत लागेल, म्हटलं.

का थांबलात?

मी म्हटलं ना, वाजवत राहा. असं काय बघताय? वसंत म्हटलं तर वसंत. अंदाजानं सांगितलं. मुलांच्या आयांना मी नेहमी अंदाजानंच सांगायची — बरं, नव्हते सांगत. मुलांच्या आयांना मी आठवडा सांगायची आणि त्या आठवड्यात मूल वाजवायचं. पण तुम्ही मूल नाही. तुम्ही — वाजवा हो, डॉक्टर, मला तोंडाकडे बघत बसलेल्या माणसाशी बोलता येत नाही. पाठ दिसली की येतं. हं. पडा. निघा.

मग तिनं फोन पोरीला दिला. मी मागितला नव्हता. पोरगी काय विचारते, ‘बाई, माझे आजोबा ढ आहेत का?’ आता यावर काय बोलावं माणसानं? मी म्हटलं, थोडेसे. तर म्हणाली, असू दे, मी त्यांच्या जागा सोडते. म्हणजे कळलं का तुम्हाला? ती वरची बाजू एकटी वाजवते, आणि जिथं तुमची होडी एकटीच डुलते ना, सुरुवातीला आणि मधे, तिथं ती हात मांडीवर ठेवून बसते. मनात तुमचं वाजवते, मग आपलं सुरू करते. एवढीशी पोर. नाताळच्या आधी त्यांच्या शाळेत कार्यक्रम आहे, घरातलं एकेक माणूस बरोबर घेऊन वाजवायचं. तिच्या बाईंनी सांगितलंय, आजोबा नाही आले तर वर्गातला कोणीतरी मुलगा बसेल तुझ्याशेजारी. तर ही त्यांना म्हणाली, नको, मी जागा सोडून वाजवते. भर सभेत! एकटी, हात मांडीवर ठेवून, सगळी माणसं बघतायत, आणि पियानो गप्प. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. नाताळचं. का नाही सांगितलंत?

नाही, तुम्ही उत्तर देऊ नका. मला माहीत आहे उत्तर. माहीत आहे म्हणूनच आज कॉफी करायला उठत नाहीये मी.

आता स्पष्टच विचारते. गेल्या गुरुवारी मी आत कॉफीचं भांडं धरून उभी होते. आणि बाहेर कोणीतरी होडी वाजवली. खालची बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं रेडिओ. खरंच, देवाशप्पथ, मला वाटलं गिनकानं रेडिओ लावला. इतका सैल हात, पहिला सूर असा टेकलेला, दुसरा असा निघून गेलेला — कॉफी उतू गेली माझी, शेगडीवर अजून डाग आहे, जाऊन बघा. मग म्हटलं, गिनकाचा रेडिओ खाली आहे आणि हे इथून येतंय. भिंतीमागून हात दिसत नाही ना, तेव्हा फसवताच येत नाही, कानाला जे येतं तेच. मी बाहेर आले. तुम्ही मला बघितलंत, आणि पुन्हा सुरू केलंत — धाड! टोच! धाड! टोच! आणि वर म्हणता, ‘नाही जमत बुवा, बाई.’

जमत नाही! लाज नाही वाटत? नातीच्या तोंडाला पानं पुसताय तुम्ही!

आणि मी काय केलं, तर कप ठेवले आणि म्हटलं, मनगट अजून दगड आहे तुमचं, पुढच्या गुरुवारी बघू.

हे असं पहिल्यांदाच नव्हतं, आता बोलायला बसलेच आहे तर. सप्टेंबरमध्ये, खिडकी उघडी होती, सगळीकडे मिरच्या भाजल्याचा वास येत होता, तुम्ही रुमालानं डोळे पुसत होतात त्या धुरानं — त्या दिवशी तुम्ही बरोबर वाजवलंत. पहिल्यांदा. तुमचं लक्ष मिरच्यांकडे होतं म्हणून असेल, हात आपला आपण सैल पडला आणि आपला आपण निघाला. मी ऐकलं. मी आयुष्यात कुठल्याही मुलाला खोटं सांगितलेलं नाही. बरोबर तर बरोबर, वाईट तर वाईट, आया रडल्या तरी वाईट ते वाईट. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, ‘नाही, अजून नाही.’ कसं निघालं देव जाणे. मी बरोबर म्हटलं असतं तर तुम्ही त्याच आठवड्यात निघाला असतात. स्वतःच्या शब्दाचे पक्के ना तुम्ही.

पुढच्या गुरुवारी तुम्ही खरंच वाईट वाजवलंत, त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी वाईट. मला इतकं लागलं ते! म्हटलं, पेन्का, तू बिघडवलास त्याचा हात. बरोबर असलेल्या माणसाला चूक म्हटलं की असंच होतं, तो बरोबर ते विसरतो. झोप उडाली माझी. मी तुमच्यासाठी उलट्यासुलट्या कमानी लिहून काढल्या, व्यायाम शोधले, ते लिंबू झेलण्याचं काढलं — आणि तुम्ही काय करत होतात? मला लिंबू झेलून दाखवत होतात, गंभीर चेहरा करून!

काय म्हणालात?

जरा मोठ्यानं बोला. — ‘मला त्या दिवशीच कळलं होतं.’ काय कळलं होतं? — की ते बरोबर वाजलं होतं? तुम्हाला ऐकू आलं होतं? मग मी नाही म्हटलं तेव्हा बोलला का नाहीत? —

अस्सं.

म्हणजे मी खोटं बोलतेय हे तुम्हाला कळलं. आणि तुम्ही म्हटलंत, बाईंना असं हवंय तर असं. आणि मग तुम्ही मुद्दाम, आणि मी मुद्दाम, आणि दोघंही... अरे देवा. धुकं पडेपर्यंत! दोन म्हातारी माणसं इथे बसून मन लावून वाईट पियानो वाजवतायत, आणि तिकडे ती पोर हात मांडीवर ठेवून बसलीय.

आणि माझ्या नामदिवसाला, माझ्या नावाच्या संतिणीच्या सणाला, मंगळवारी उगवलात, हातात शेवंती, नवा शर्ट. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी भोपळ्याचं सारण भरून बनित्सा भाजून बसले होते, माझी बहीणसुद्धा आली नव्हती, आणि दारात तुम्ही. मी आपली खूश झाले, आणि तुम्ही म्हणालात काय, ‘अरे, आज गुरुवार नाही का? वार चुकला वाटतं.’ वार चुकला! सहा तुकडे खाल्लेत बनित्साचे वार चुकलेल्या माणसानं. त्या दिवशी तुम्ही नुसतं ‘आलो’ म्हणाला असतात ना — पण तुम्ही कसले म्हणताय. आणि मी कसली म्हणतेय. मी पिंप घातलं.

बरं. झालं. आता ऐका, आणि मधे बोलू नका. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. वाटतं म्हणजे काय, रोज वाटतं, बुधवारी फार वाटतं. हे बोलले मी, आता संपलं ते. मला वाट बघत थांबायची सवय आहे. या वयात आणखी थोडी लागली तरी बिघडत नाही. पण सात वर्षांच्या पोरीला ती सवय लावायची नाही. माझ्या हातून नाही. मी मुलांची शिक्षिका आहे, डॉक्टर, तुमच्या आधी मी तिची आहे, तिला कधी बघितलं नसलं तरी.

आज संध्याकाळी मी वेसेलाला फोन करणार आहे. सांगणार आहे, वसंत चुकून म्हटलं, बाबा तयार आहेत. तुम्ही तिकीट काढा, सामान बांधा, ते जाड मोजे घ्या. — काय? परत? — नाही, ते नका सांगू मला. या जिन्यातली किती दारं बंद आहेत येता-जाता बघताच की तुम्ही. सगळे ‘येतो’ म्हणूनच गेलेत. तिसऱ्या मजल्यावरचे तर कुंड्या माझ्याकडे ठेवून गेले, उन्हाळ्यात येतो म्हणाले, मी अजून पाणी घालतेय. तुम्ही काही म्हणू नका. नुसते जा. म्हटलं नाही तर खोटं तरी पडत नाही.

मोठं पिंप आहे, ते गिनकाला देईन अर्धं. तोंड बंद होईल तिचं.

सरका. जरा डावीकडे सरका. आज मी वरची बाजू वाजवते, राडाची. तिच्या वेगानं वाजवणार, सात वर्षांच्या वेगानं, तेव्हा मागे राहू नका आणि मला सांभाळूनही घेऊ नका. सुरुवातीला तुमची होडी एकटीच आहे. मी हात मांडीवर ठेवते, हे बघा, असे. चला. आणि आज फसवलंत तर शप्पथ सांगते, झाकण बोटांवर पाडीन.

...

हं.

हं. — खांदा. — हं. असंच. — आता मी येतेय. — पडा. निघा. — ऐकताय ना, ती वर एकटी जाते आहे, तिला खालून धरू नका, नुसतं डुलवा. — सुंदर. — काही नाही म्हटलं, वाजवा. — ही लांब कमान आता. एका हातात, एका हातात न्या... नेलीत. — आणि हळू. आणखी हळू. होडी काठाला लागते. — पडा.

निघा.

बरोबर.

ऐकलंत? बरोबर आहे, म्हटलं. सप्टेंबरपासून बरोबर आहे. गिनकानंसुद्धा दांडा मारला नाही. जा आता, पाणी फिरवायचं राहू द्या, मी बघेन बादलीचं. उठा. माझ्याकडे गुरुवारी दुसरं कोणीतरी येणार आहे शिकायला. — आहे एक मुलगी. — नाव? नाव काय करायचंय तुम्हाला?

उठा की.

डॉक्टर, गाणं संपलं. शेवटच्या सुरावरून हात उचलायचा असतो.

ती पट्टी नाही. तो माझा हात आहे.

एवढं काय शिकवलं मी तुम्हाला? पडायचं आणि निघायचं. पडून राहायचं नाही. — स्तामेन. — स्तामेन, उचला. मला उचलता येणार नाही, माझा खाली आहे.

बरं. मी चार मोजते. चार म्हटलं की हात उचलायचा, टोपी घ्यायची, दार ओढून घ्यायचं, आणि जिन्यात थांबायचं नाही. कळलं? मोजतेय.

एक.

दोन.

तीन.

तीन.